पाठीमागचा वर्ग

"आक्का, आम्ही हिकडं हाव न्हवं," असं पाठीमागून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं आणि अक्काताई बोलता बोलता थांबली. समोर प्रिन्सिपॉलसाहेबांची खुर्ची होती, खुर्चीत साहेब होते, त्यांच्या मागं पांढरी भिंत होती आणि भिंतीवर मुंबईतल्या विद्यापीठाच्या मनोऱ्याचं काचेत बसवलेलं चित्र होतं. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून आल्यापासून ती या चौघांशीच बोलत होती. 'अध्यक्ष महाराज' म्हणाली होती, विद्यार्थी मंडळापुढचा ठराव वाचून दाखवला होता, कॉलेजच्या वाचनालयात मुलींना बसू द्यावं याचं पहिलं कारण सांगून दुसऱ्या कारणावर आली होती. साहेब मघापासून मान तिरकी करून तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते, चष्मा काढून पुन्हा घालत होते, एकदा तर हाताच्या बोटानं गोल फिरवल्यासारखं काहीतरी केलं होतं, ते तिला घड्याळाबद्दल वाटलं होतं. आता कळलं. सगळं कॉलेज तिच्या पाठीशी बसलेलं होतं आणि ती सगळ्या कॉलेजकडं पाठ करून बोलत होती. अजून कुणी हसलं नव्हतं, पण हसू फुटण्याआधी जी शांतता असते ती तिच्या मानेवर येऊन टेकली होती.

चूक तशी साधी होती, आणि ती अशी झाली की घडताना चूक वाटलीच नाही. भाषण विद्युल्लता करणार होती. विद्युल्लता वकिलांची मुलगी, तिला घरात बोलायची सवय, जेवताना वडिलांशी वाद घालायची सवय. पण पुढच्या आठवड्यात निपाणीची माणसं तिला बघायला येणार होती, आणि भरसभेत बोललेली मुलगी म्हणून गावात नाव झालं तर ती माणसं निपाणीतच थांबतील, असं तिच्या आईचं म्हणणं पडलं. "तूच बोल आता," विद्युल्लता म्हणाली, "नाहीतरी अडलंय तुझंच. मला काय, आमच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत." मग मुलींच्या खोलीत तालीम झाली. त्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, ते अध्यक्ष झालं. "भाषण अध्यक्षांना उद्देशून करायचं असतं, इकडंतिकडं बघायचं नाही," असं विद्युल्लतेनं शिकवलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसून शब्द सुधारत राहिली. "'मी येतो' नको, अक्काताई. 'मी येते' म्हण. गावाकडं चालतं, व्यासपीठावर नाही चालणार." अक्काताईनं कपाटाला सगळं भाषण पाठ म्हणून दाखवलं. कपाट हललं नाही, हसलं नाही, खोकलंसुद्धा नाही. साहेबांपुढं उभं राहिल्यावर तिला तीच जागा, तोच धीर पुन्हा सापडला होता.

पण एवढंच कारण नव्हतं. हे तिला आता, त्या शांततेत, पाठ न वळवता उभं असताना, एकदम दिसलं. गेली दोन वर्षं ती समोर बघायलाच शिकली होती. कॉलेजात मुली होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तास सुरू होण्याआधी त्यांनी वर्गात पाऊल टाकायचं नसे. घंटा झाली की त्या आपल्या खोलीच्या दाराशी उभ्या राहत. प्रोफेसर काळा गाऊन सावरत व्हरांड्यातून येत, दाराशी किंचित थांबत, मग पुढं प्रोफेसर आणि मागं एका ओळीत मुली अशी ती वरात वर्गात शिरे. मुलींचा बाक सर्वांत पुढं, बाजूला. बसायचं, वही उघडायची, तास संपला की प्रोफेसरांच्या मागोमाग तसंच बाहेर पडायचं. मागं वळून बघायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती. शिरताना नजर प्रोफेसरांच्या टाचांवर असे, निघताना दाराच्या उंबऱ्यावर. त्यामुळं वर्ग म्हणजे तिच्या लेखी फळा होता, आणि पाठीमागं आवाज होते.

आवाज मात्र तिला सगळे ठाऊक होते. एक खोकला होता, जाड, सावकाश, विहिरीत दगड पडावा तसा. तो हजेरीला "येस सर" म्हणण्याआधी एकदा यायचाच, आणि प्रोफेसर "बी. एस. पाटील" म्हणाले की यायचा, म्हणजे तो, ज्याला मागची मुलं सदलग्याचा भरमू म्हणत. एक आवाज गोड आणि भारदस्त होता, सगळ्या प्रोफेसरांच्या नकला त्याच आवाजात निघत, तो उपेंद्र. या उपेंद्राला तिनं मनात उंच केलं होतं, रुंद छातीचा, पांढऱ्या टोपीचा केलं होतं. एकाची पेन्सिल सारखी खाली पडायची. एकजण गणिताच्या तासाला कानडीत पुटपुटत आकडे मोजायचा आणि इतिहासाच्या तासाला मराठीत जांभई द्यायचा. निपाणीच्या बाजूचा कुणीतरी होता, त्याच्या कोटाला कच्च्या तंबाखूचा वास होता. सुट्टीवरून परत आला की तो वास दोन दिवस पुढच्या बाकापर्यंत पोचायचा आणि मुली पदरात शिंकायच्या. स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर पाठीमागं कुजबुज वाढायची, कोण नाटकात बाईचं काम करणार, गोकाकच्या धबधब्याच्या सहलीला कोण गाडीतून पडता पडता वाचला, वसतिगृहाच्या आमटीत काय निघालं. ते सगळं तिच्यापर्यंत यायचं आणि ती हसू गिळून फळ्याकडं बघायची. हे ऐकणं तिला अवघड नव्हतं. शहापुरात तिच्या घरी माग होते. खड्ड्यात पाय सोडून तिचे वडील आण्णाप्पा मागावर बसत, आणि शेजारच्या मागावर चुलता बसलेला असे. धोटा इकडून तिकडं जाताना धागा तुटला तर ठोका बदलतो. लहानपणापासून त्या ठोक्यांवर ती झोपली होती, जेवली होती, तिनं पाढे म्हटले होते. कान उघडे ठेवायचे आणि मान हलवायची नाही, हे तिला घरूनच येत होतं.

तिला वडिलांचं बोलणं आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत एकदा ते मागावर बसले होते आणि ती बाजूला सुताच्या कांड्या भरत होती. बोलायचं असलं की ते धोटा हातात धरून ठेवत, मग माग गप्प होई आणि सगळं घर गप्प झाल्यासारखं वाटे.

"तुज्या कालेजात माणसं किती गं?"

"लई हाईत आप्पा. तीनशेच्या वर."

"सगळी शिकाय आल्यात?"

"व्हय."

"कसली हाईत? चांगली हाईत?"

तिनं हातातली कांडी फिरवून बघितली. "मी बघितलो न्हाय," ती म्हणाली.

आण्णाप्पांनी धोटा मांडीवर ठेवला. "दोन वर्सं एका खोलीत बसतीस, आनि तोंडं बघितली न्हाईस?"

"तसं बघत न्हाईत आप्पा."

"अगं, बाजारात धाग्याचं बंडल घेताना मानूस उलटंपालटं करून बघतोय," ते म्हणाले, मग आपण पोरीला मुलं बघायला सांगितल्यासारखं झालं असं त्यांना वाटलं असावं, ते हसले आणि पुन्हा माग चालू झाला. आई, जयाबाई, आतून म्हणाली, "बघू नको म्हनावं. न बघताच सहामाहीत दोन विषयांत गेली, बघाय लागली तर काय हुईल." ते खरं होतं, ती नापास झाली होती. तर्कशास्त्र आणि इतिहास. वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, आवाज न चढवता, की इंटरची परीक्षा पास झालीस तर पुढं बी.ए.चं बघू, मी कुनाचं ऐकत न्हाय. न्हाय झालीस तर माग हाय आनि गावाकडचं स्थळ हाय, ती मानसं वाट बघून ऱ्हायल्यात.

आणि इंटर व्हायचं तर वाचनालय पाहिजे होतं. लागणारी जाडी पुस्तकं तिथंच बसून वाचायची होती, ती घरी मिळत नसत, आणि मिळाली असती तरी घरी मागांच्या ठोक्यात इतिहासाचं एक पान तीनदा वाचावं लागे. मुलींसाठी सोय एवढीच की चिठ्ठी लिहून शिपाई मष्णू याच्या हाती द्यायची. तो सावकाश जायचा, पुस्तक बगलेत धरून सावकाश यायचा, आणि घंटा झाली की उघडं पान तसंच मिटून परत न्यायचा. "बाई, माज्यावर नाराज हू नगा," तो म्हणायचा, "मला वाचाय येत न्हाय, पर तुमी कुटं थांबलाय ते तुमच्या तोंडावर दिसतंय." वाचनालयाच्या दारावरून ती रोज जायची. दार अर्धं उघडं असे. आत लांब टेबलाचा एक कोपरा दिसे, लढाईच्या बातम्यांचं वर्तमानपत्र काठीला अडकवलेलं दिसे, आणि आतून पानं उलटल्याचा आवाज येई, एकाच वेळी अनेकांच्या हातून. त्या आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा. एकदा प्रोफेसरांनी सांगितलं होतं की परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकेची पाकिटं मुंबईहून निघतात आणि कराचीत, अहमदाबादेत, पुण्यात, धारवाडात, इथं, एकाच घंटेला फुटतात. त्या दिवसापासून भिंतीवरच्या चित्रातला मनोरा तिला वेगळा दिसू लागला. आपण कधी पाहणार नाही अशी हजारो माणसं एकाच ओळीवर एकाच वेळी मान खाली घालतात, आणि आपण त्यांच्यात आहोत. ही गोष्ट एवढी मोठी होती की ती कुणाला सांगताही येत नव्हती. एका खोलीतल्या माणसांना बघितलं नव्हतं, आणि कराचीच्या माणसांसाठी जीव भरून येत होता.

"मिस कामकर," प्रिन्सिपॉलसाहेब हळूच म्हणाले, "सभेकडे तोंड करून बोललात तरी ते मलाच उद्देशून होतं बरं का." त्यांनी ते एखाद्या पोराला मुळाक्षर गिरवून दाखवावं तसं सांगितलं, आणि तिला वळणं सोपं झालं.

ती वळली.

आधी नुसती तोंडं दिसली. सभागृह उतरतं नव्हतं, तरी ती एकावर एक रचल्यासारखी दिसली, खिडक्यांत बसलेली, दारात उभी, खांबांना टेकलेली. काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, दोन-चार पटके, उघडी तेल लावलेली डोकी. आणि प्रत्येकाला डोळे होते. तिला हे माहीत नव्हतं असं नाही, पण इतके डोळे एका वेळी असतात, आणि त्यातला प्रत्येक वेगळा असतो, आणि त्यामागं एकेक घर, एकेक आई, सहामाहीत गेलेले एकेक विषय असतात, हे तिच्या अंगावर एकदम चालून आलं. थंडीचे दिवस होते, बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं, आणि त्या सगळ्या तोंडांतून थोडी थोडी वाफ येत होती. ही माणसं श्वास घेत होती. दोन वर्षं ही सगळी तिच्या पाठीला श्वास घेत होती. लहानपणी वडिलांनी खांद्यावर बसवून यल्लम्माच्या डोंगरावरून खालची जत्रा दाखवली होती, तेव्हा असंच झालं होतं. ती तेव्हा रडली होती आणि का रडते हे कुणालाच कळलं नव्हतं. पाठ केलेलं भाषण तिनं शोधलं. दुसरं कारण, तिसरं कारण. ती कारणं कपाटाची होती, कपाटाकडंच राहिली होती.

"मी तुमाला आज पयल्यांदा बघायलोय," ती म्हणाली.

आता हशा झाला. मुलींच्या बाकावर विद्युल्लतेनं डोळे मिटले असणार. अक्काताई वाट बघत राहिली. हशालाही तोंडं होती, तेही तिला नवीन होतं. कुणी तोंडावर हात ठेवून हसत होतं, कुणी शेजाऱ्याला बघून. हसणं इतक्या प्रकारचं असतं हे पाठीला कधी कळलं नव्हतं.

"तुमचे आवाज मला माहीत हाईत," ती पुढं म्हणाली. "कुणाचं तोंड कुठलं, ते कळत न्हाय. बी. एस. पाटील कोण?"

मग डाव्या बाजूच्या खांबाजवळून तो खोकला आला, जाड, सावकाश. मघाशी 'आम्ही हिकडं हाव' म्हणाला होता तोच. आडदांड हाडाचा, पटका बांधलेला, लाजून कानापर्यंत लाल झालेला मुलगा होता तो. "मीच," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. या वेळी ती पण हसली.

"मिस कामकर यांनी हजेरी घेतली, आता मुद्द्यावर यावं," असा गोड, भारदस्त आवाज आला. ती वळून उंच माणसाला शोधू लागली. आवाज पहिल्या रांगेतून आला होता. उपेंद्र उभा राहिला तर तिच्या खांद्याला लागेल एवढाच होता. गळ्याशी हाड वर आलेलं, कोटाच्या बाहीला काळजीपूर्वक रफू केलेलं. एवढ्याशा छातीत तो आवाज कुठं मावतो, हे नवल तिला वाटून ती बघतच राहिली, आणि तिच्या बघण्यानं त्याचीच नजर खाली गेली. तरी तो उठला. "अध्यक्ष महाराज, माझा विरोध व्यक्तीला नाही. प्रश्न एवढाच, की मुली वाचनालयात बसल्या तर पुस्तकात कोण बघणार? आमची मुलं काही ऋषी नाहीत."

"ऋषींना इंटर द्यावी लागत न्हवती," मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. कानडीतही कुणी काहीतरी जोडलं आणि त्या बाजूचा कोपरा हसला.

अक्काताईला राग आला नाही. तिला तो प्रश्न खरा वाटला, वर्गात मूल विचारतं तसा, ज्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. तिनं विचार केला. तिला घाई नव्हती, आता तिला तोंडं दिसत होती. "मी दोन वर्सं तुमच्याकडं पाठ करून बसलोय," ती म्हणाली. "तुमची पेन्सिल पडत्या, जांभई येत्या, नाटकाच्या गोष्टी येत्यात. सगळं ऐकू येतंय. तरी मी फळ्याकडं बघून शिकलोय. लई जमलं न्हाय, दोन विषयांत गेलोय. पर शिकता येतंय. तुमाला जमत नसंल, तर तुम्हीपण भिंतीकडं तोंड करून बसा की. मी सांगतो कसं बसायचं ते." ती थांबली. "मला तिथं बसाय मिळालं न्हाय तर मी ह्या सालानंतर हितं नसणार. मग माझी पाठपण तुमाला दिसणार न्हाय. एवढंच."

ती खाली उतरली. पायऱ्या उतरताना नजर सवयीनं उंबरा शोधत होती, तिनं ती उचलून धरली.

मत हात वर करून घ्यायचं होतं. साहेब म्हणाले, "अनुकूल?" आणि तिच्या डोळ्यांपुढं हात उठले. आधी तुरळक, मग रांगेनं, मग खिडक्यांतून. कोटाच्या बाह्या, सदऱ्यांच्या बाह्या, शाईचे डाग, शेतात राबलेले जाड पंजे, एका मनगटाला गंडा. मागावर पाय दाबला की ताण्याचे निम्मे उभे धागे वर उठतात आणि मधून धोट्याला वाट होते, ती वाट तिनं रोज पाहिली होती. इथं ती माणसांच्या हातांची झाली होती, आणि पाय कुणी दाबला हे तिला कळत नव्हतं. सगळे हात नव्हते. बरेच जण हात मांडीवर ठेवून बसले होते, उपेंद्रही. पण साहेबांनी मोजायचं सोडून दिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठराव मान्य. मुलींनी उद्यापासून यावं." ती बघत राहिली. बाकीचे हात खाली आले, खुर्च्या वाजल्या, तरी तिच्या डोळ्यांपुढं ते वरच होते. "अगं, तुझा हात तू वर केलाच नाहीस," विद्युल्लता कोपर मारून म्हणाली. ते खरं होतं. ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला ती एकटीच वाचनालयापाशी गेली. विद्युल्लतेची पाहुण्यांसाठी साड्यांची खरेदी चालली होती. मष्णू दाराशी स्टुलावर बसला होता. त्यानं उठून दुसरं दारही उघडलं, जे ती येऊन दोन वर्षं झाली तरी तिनं कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं, आणि तो तोंड फिरवून हसू दाबू लागला. "जावा बाई. तुमाला लागतंय ते पुस्तक म्या टेबलावर काडून ठिवलंय. आत सगळी शानी होऊन बसल्यात."

आत लांब टेबल होतं. टेबलाभोवती एकही खुर्ची नव्हती, फक्त मधोमध एक, रिकामी, तिच्यापुढं इतिहासाचं जाडं पुस्तक. बाकीच्या सगळ्या खुर्च्या चारही भिंतींना लावल्या होत्या, आणि त्यांवर मुलं बसली होती, भिंतीकडं तोंड करून, मांडीवर पुस्तकं उघडून. कुणी वळलं नाही. पानं उलटल्याचा आवाज येत होता. तिनं उंबरा ओलांडला आणि ती उभी राहिली. ही थट्टा होती की मान होता, हे तिला ओळखता येईना, आणि ओळखायची घाईही वाटेना. पाठी होत्या नुसत्या. रुंद, अरुंद, वाकलेल्या. एकाच्या कॉलरच्या आत दोरा उसवला होता. एकाच्या मानेवर तेल आणि त्याखाली देवीचे व्रण होते. अगदी दाराजवळ रफू केलेल्या बाहीची एक लहान पाठ होती, सर्वांत ताठ बसलेली, आणि उपेंद्रानं काल हात वर केला नव्हता हे अक्काताईला आठवलं. निपाणीच्या कोटाचा वास आला. माणसाची पाठ इतकं सांगते, हे तिला नवं होतं. मग तिला उमजलं की आपली पाठही यांनी दोन वर्षं अशीच पाहिली असणार, वेणी, ब्लाउजचं ठिगळ, सहामाहीच्या निकालाच्या दिवशी खाली गेलेली मान. तिला वाटत होतं आपण कुणाला दिसलोच नाही. ती हळूच खुर्चीवर बसली. पुस्तक उघडलं नाही.

कोपऱ्यातून जाड, सावकाश खोकला आला. "आक्का," भरमू भिंतीला म्हणाला, "आता फिरू का न्हाय?"

"वाईच थांबा," अक्काताई म्हणाली. "मला बघू दे."